गेटवर बोलू

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास तुकोगंजातल्या एका क्लिनिकच्या मागच्या खोलीत वाल्मिक सुरवाडे यांना त्यांच्या बायकोचं नाव विचारण्यात आलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. प्रश्न पुन्हा विचारला गेला. वाल्मिक यांनी आधी प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग मांडीवर पालथ्या पडलेल्या स्वतःच्या उजव्या हाताकडे. ज्यांचं नाव विचारलं होतं त्या गयाबाई भिंतीलगतच्या खुर्चीतच बसल्या होत्या. त्यांना बोलायची मनाई होती.

प्रश्न विचारणारी ईशा मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षभरापूर्वी या क्लिनिकमध्ये लागली होती. चाचणीचे नियम तिला पाठ होते. प्रश्न कागदावरून, एकाच पट्टीत वाचायचा. हातवारे करायचे नाहीत. चेहऱ्यावरून काही सुचवायचं नाही. ती कागदाकडे पाहून वाचत होती आणि प्रत्येक प्रश्नासमोर शून्य लिहीत होती.

ही १९९७ च्या मार्चमधली गोष्ट. वाल्मिक छप्पन्न वर्षांचे होते. परदेशीपुऱ्याकडच्या ज्या कापड मिलमध्ये त्यांनी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले, ती बंद पडून पाच वर्षं उलटली होती. आदल्या दिवाळीनंतर त्यांना लकवा झाला. पाय सावरला, उजवा हात अर्धा राहिला, आणि बोलणं जवळजवळ गेलं. ऐकू येत होतं. मागे भांडं पडलं तर ते दचकत. पण माणसांचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही, असं घरच्यांच्या लक्षात आलं.

चाचणी कोर्टाच्या कामासाठी होती. वाल्मिक यांचा मुलगा ज्ञानदीप पीथमपूरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि राऊला भाड्यानं राहत होता. त्यानं जिल्हा न्यायालयात अर्ज केला होता की वडिलांना समजत नाही, त्यांना निर्णय घेता येत नाहीत, तेव्हा त्यांचा पालक म्हणून आपली नेमणूक व्हावी. कारण मिलच्या चाळीतली खोली होती. मिल अवसायनात निघाली होती आणि खोल्या रिकाम्या करून मागितल्या जात होत्या. जूनअखेरपर्यंत जो कब्जा सोडेल त्याला शहराबाहेर लहानसा प्लॉट मिळणार होता. त्यासाठी खोली ज्याच्या नावावर त्याची समजून-उमजून केलेली सही लागे, नाहीतर कोर्टानं नेमलेल्या पालकाची.

ज्ञानदीपचा हेतू वाईट नव्हता, हे गयाबाईही मान्य करत. चाळीतला संडास अंगणापलीकडे होता आणि तिथे जाताना वाल्मिक दोनदा पडले होते. राऊला आतच सोय होती.

"मी तर जायला तयार आहे," गयाबाईंनी क्लिनिकच्या डॉक्टरांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. गयाबाईंचे वडील महूच्या पलटणीत होते आणि समोरच्याच्या डोळ्यात पाहून बोलायची सवय त्यांना तिथली होती. "पण यांना विचारलं कोणी? पहिले विचारा. नाही म्हणाले तर समजवा, भांडा. विचारायच्या आधीच कागद लिहून टाकला की याला समजत नाही. उद्या कोर्टानं पण तसंच म्हटलं तर भाजीत मीठ कमी आहे बोलायचा हक पण गेला ना यांचा."

डॉ. सरोजिनी दिघे मेंदूविकारतज्ज्ञ होत्या. कोर्टानं त्यांना एकच प्रश्न पाठवला होता. ही व्यक्ती स्वतःच्या हिताचे निर्णय समजून घेऊ शकते काय? उत्तरासाठी खाली एक ओळ सोडली होती.

मंगळवारी ईशा अकराव्या प्रश्नावर असताना लाइट गेली.

पंखा थांबला. खोलीत काही क्षण पूर्ण शांतता झाली आणि मग खिडकीखाली क्लिनिकचा डिझेल जनरेटर सुरू झाला. तो जुना होता. काच थरथरू लागली, टेबलावरची पेन्सिल सरकत कडेला आली. ईशानं कानावर हात ठेवला आणि कागद खाली ठेवला. आवाज थांबेपर्यंत चाचणी थांबवायची, असा नियम होता.

दारात हरी उभे होते. हरी आंबेकर, वाल्मिक यांचे मिलमधले जोडीदार, स्नेहलतागंजात राहणारे. ज्ञानदीपची ड्यूटी असल्यानं त्या दिवशी गयाबाई आणि वाल्मिक यांना टेंपोतून तेच घेऊन आले होते. चहाचं विचारायला ते आत डोकावले होते. त्यांनी तोंडानं काहीतरी म्हटलं, आवाज न काढता, ओठ मोठे हलवून, आणि अंगठा ओठांशी नेला.

वाल्मिक यांनी डावा हात वर केला. चार बोटं दाखवली. मग त्यातलं एक बोट हरींकडे वळवलं आणि चिमूट हवेत झटकून टाकली. हरींना डायबिटीस होता. त्यांच्या चहात साखर नको. मग तोच हात ईशाकडे वळला आणि तिच्यासमोरच्या पाण्याच्या ग्लासवर आडवा धरला गेला, अर्ध्यावर. या मुलीला कट. अर्धाच.

हरी मान हलवून निघून गेले.

ईशानं सकाळी कंपाउंडरला "मला कट सांग हां" असं म्हटलं होतं, तेव्हा वाल्मिक बाहेरच्या बाकावर बसलेले होते. काचेपलीकडे, जिथून फक्त ओठ दिसत. हे तिला नंतर आठवलं. त्या क्षणी तिनं फक्त एवढंच केलं की चाचणीच्या कागदाच्या मागच्या बाजूला, जिथे काही लिहायचं नसतं, तिथे लिहिलं: चहा, चार, एक बिनसाखरेचा, एक अर्धा. मग ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

लूमखात्यात बोललेलं ऐकू येत नाही. शेकडो लूम एका छपराखाली चालतात तेव्हा शेजारच्याच्या कानाशी ओरडलं तरी पोचत नाही. म्हणून तिथे माणसं ओठ वाचतात आणि हातानं बोलतात. हरींनी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटत नव्हतं.

"हे तर सगळेच करायचे मॅडमजी. मुकादमाला शिव्या पण अशाच द्यायचो. समोर उभा असायचा आणि त्याला वाटायचं आम्ही हसतोय."

"घरी का नाही केलं तुम्ही असं? तीन महिने झाले लकव्याला."

हरी जरा ओशाळले. "घरी कशाला करायचं? घरी तर आवाज नसतो."

डॉ. सरोजिनी यांनी सी.टी. स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. डाव्या कानशिलाच्या आत एक काळसर डाग होता. तो त्यांनी गयाबाईंना बोटानं दाखवला.

"डाग छोटा आहे. पण नाक्यावर बसलाय. पूर्वी आम्हाला शिकवलं होतं की बोलणं इथे असतं, समजणं इथे, हिशोब तिथे. अक्कल म्हणजे जणू एखाद्या पेठेतलं एक दुकान. आता काही लोक वेगळं मांडायला लागलेत. ते म्हणतात, दुकानं मोजू नका, येणं-जाणं बघा. मेंदूचे भाग एकमेकांशी किती पटकन जोडले जातात, काम बदललं की जोडणी बदलते का, ते बघा. राजवाड्याला जाम लागला की टेंपोवाला काय करतो?"

"आईबहिणीवर जातो," हरी म्हणाले.

"आणि मग?"

"मग गल्लीतून काढतो."

"तेच. रस्ता रुंद असण्यात हुशारी नाही. वेळेवर गल्ली धरण्यात आहे, आणि जाम सुटला की परत मोठ्या रस्त्याला येण्यात."

गयाबाई फिल्मकडे पाहत होत्या. "पण टेंपोवाल्याला समजायला पाहिजे ना, पुढे जाम आहे म्हणून."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "शांत खोलीत यांना तेच समजत नसावं. शब्द कानात शिरतात, म्हणून रस्ता चालू आहे असं वाटतं, आणि ते तिथेच उभे राहतात. जनरेटर लागला की कानाचा रस्ता सरळ बंद. मग डोळे कामाला लागतात, तीस वर्षांची सवय आहे त्यांना." त्यांनी फिल्म खाली ठेवली. "हा माझा अंदाज आहे. माझ्याकडचं मशीन हे दाखवू शकत नाही. ईईजीत तर ते झोपाळलेले दिसतात, बस."

शुक्रवारी पुन्हा चाचणी घ्यायचं ठरलं. जनरेटर चालू ठेवायचा, प्रश्न ईशानं द्यायचे, हरींनी ते ओठांनी आणि हातांनी वाल्मिक यांना पोचवायचे. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना आगाऊ सांगून ठेवलं.

शुक्रवारी ज्ञानदीप सुट्टी काढून आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला कारखान्याचा बिल्ला तसाच. तो आत न बसता दारात उभा राहिला. आईशी त्या दिवशी त्याचं बोलणं नव्हतं.

लाइट असताना जनरेटर सुरू झालेला पाहून कंपाउंडर स्वतःशी काहीतरी पुटपुटला. वाल्मिक खुर्चीत सरळ झाले.

पहिले प्रश्न सोपे होते. बायकोचं नाव. वाल्मिक यांनी हातानं गयाबाईंकडे दाखवलं आणि ओठ हलवले. आवाज निघाला तो घोगरा आणि अर्धाच, पण ईशाला तो "गया" असा ऐकू आला. आज वार कोणता. कोणाची पिशवी टेंपोत राहिली तर काय कराल. या चार चित्रांत वेगळं कोणतं. ईशाच्या कागदावर शून्याऐवजी एकाची रांग दिसू लागली. गयाबाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

पुढचा प्रश्न संत्र्यांचा होता. टोपलीत आठ, तीन दिली, किती उरली. हरींनी दाखवलं. वाल्मिक यांनी चार बोटं वर केली.

ईशा खाली पाहून लिहायच्या बेतात होती. हरींचा हात स्वतःच्या गुडघ्यावर होता. त्या हाताची चिमूट जुळली आणि धागा बांधताना फिरते तशी एकदा फिरली. इतकंच. वाल्मिक यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं आणि अंगठा उघडला. पाच.

ज्ञानदीप दारातून हलला. बाहेर जाऊन त्यानं जनरेटर बंद केला आणि परत आला.

"काका," तो म्हणाला, "धागा बांधलात तुम्ही."

हरींनी तो हात खिशात घातला.

"चिमटीची खूण म्हणजे काय ते मला माहिती आहे. धागा तुटलाय, बघ. डबा घेऊन यायचो मी खात्यात, विसरलात?"

"अरे भिया, एकच तर होता."

"एक काय नि दहा काय!"

"मग काय गप्प बसू?" हरींचा आवाज चढला. "याचा धागा तुटलेला दिसतोय आणि मी बघत बसू? आजपर्यंत नाही बसलो. आज बसू?"

यामागे एक जुनी गोष्ट होती, जी खोलीतल्या चौघांना माहीत होती आणि दोघींना नव्हती. वाल्मिक त्या मिलच्या लूमखात्यात आले तेव्हा तिथे त्यांच्या समाजाचा माणूस नवीन होता. शटलमध्ये, म्हणजे मागाच्या धोट्यात, सुताची नवी कांडी भरली की सूत तोंडानं ओढून काढायचं, अशी पद्धत होती. एकाच शटलला अनेकांची तोंडं लागत, म्हणून जुने विणकर या माणसाला खात्यात येऊ देत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या या समाजाच्या, म्हणजे पुढे बौद्ध झालेल्या घरांतल्या, पोरांनी कताईत काम करावं, विणाईत नाही, असाच रिवाज होता. युनियननं भांडून वाल्मिकना जागा मिळवून दिली. शेजारच्या लूमवर हरी होते. पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत हरींनी वाल्मिक यांचं शटल उचललं, तोंडाला लावलं, सूत ओढलं आणि परत दिलं. त्यानंतर खातं वाल्मिक यांच्या चुकीची वाट पाहत राहिलं, कारण कापडात दोष निघाला की मुकादमाकडे जायला निमित्त मिळालं असतं. हरींनी ते मिळू दिलं नाही. वाल्मिकच्या लूमवर धागा तुटला की आपले लूम सोडून ते बांधून यायचे, नाहीतर लांबून चिमूट फिरवायचे. पुढे वाल्मिकही त्यांचे धागे बांधू लागले. जोडीदाराची चूक मुकादमाला दिसता कामा नये, हा दोघांचा नियम झाला. शुक्रवारी ईशाच्या हातात कागद-पेन्सिल होती, म्हणून हरींच्या लेखी मुकादम ती होती.

"हा पेपर बाबांचा नाहीये," ज्ञानदीप म्हणाला. "दोघांचा मिळून आहे."

"चूक दाखवल्यावर त्यांनी ती सुधारली," डॉ. सरोजिनी म्हणाल्या. "तेही समजणंच आहे. पण ते मला लिहिता यायचं नाही. कोर्ट विचारेल, आधीच्या उत्तरांत किती धागे बांधले होते?"

"एकही नाही, मॅडमजी. कसम से."

"मी मानते. कोर्ट नाही मानणार."

ईशानं सगळ्या उत्तरांवर आडवी रेघ मारली. वाल्मिक एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहत होते. जनरेटर बंद झाल्यापासून त्यांची नजर पुन्हा सैल झाली होती.

तेव्हा गयाबाई म्हणाल्या, "ज्ञानू विचारेल. त्याला येतं."

"मला? आई, अर्ज मी केलाय."

"म्हणून तर."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही त्यांना मदत केली असं तरी कोणी म्हणू शकणार नाही."

ज्ञानदीपनं घड्याळ सोडून खिशात टाकलं. हरींना बाहेर, दंतवैद्यांच्या पेशंटांच्या बाकावर बसवण्यात आलं. ते वाद न घालता गेले. जनरेटर पुन्हा लागला. ज्ञानदीपनं खुर्ची ओढून वडिलांच्या समोर घेतली, इतकी जवळ की गुडघे लागले असते, मग पुन्हा हातभर मागे सरकवली.

त्याचे हात गंजले होते. पहिल्या प्रश्नाला तो दोनदा अडखळला आणि वाल्मिक यांनीच डाव्या हातानं त्याची एक खूण दुरुस्त केली. ईशानं नवा कागद घेतला होता. काही उत्तरं बरोबर आली, काही चुकली. संत्र्यांचा प्रश्न बदलून आंब्यांचा केला, तरी चुकला. महिन्यांची नावं उलटी म्हणायला सांगितल्यावर वाल्मिक यांनी हात खाली ठेवला. ज्ञानदीप प्रत्येक उत्तर जसंच्या तसं सांगत होता. एका ठिकाणी "नाही आलं त्यांना" असं त्यानं खाली पाहून सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी ईशानं चूक लिहिलेलं त्यानं बरोबर करायला लावलं: "दोन नाही, तीन म्हणाले ते. अंगठा मोजा ना तुम्ही."

शेवटचा प्रश्न छापलेला नव्हता. डॉ. सरोजिनी यांनी तो कागदावर लिहून ज्ञानदीपपुढे धरला. चाळीतली खोली सोडून मुलाकडे राहायला जायचं का?

ज्ञानदीपनं तो वाचला. हा प्रश्न त्यानं वडिलांना तोपर्यंत विचारला नव्हता, हे त्यानं नंतर कोर्टात कबूल केलं. त्यानं ओठ हलवले. खोली. सोडायची. माझ्याकडे. दाखवताना त्यानं घराची खूण केली आणि मग आईकडे बोट केलं, म्हणजे ती पण.

वाल्मिक यांची नजर मुलाच्या ओठांवरून गयाबाईंकडे गेली आणि परत आली. मग डावा तळहात उभा धरून त्यांनी तो बाहेरच्या बाजूला ढकलला, जड दार लोटावं तसा.

ईशाची पेन्सिल थांबली. "हो की नाही?"

ज्ञानदीपनं तीच खूण स्वतःच्या हातानं करून पाहिली.

"काय म्हणाले?" डॉक्टरांनी जवळ येऊन विचारलं.

"गेटवर."

"म्हणजे?"

"खात्यात छोटं छोटं हातानं बोलायचे. मोठं काही असलं, घरातलं, युनियनचं, लग्नाबिग्नाचं, तर ते लूमवर नाही बोलायचं. गेटवर बोलू. पाळी सुटल्यावर बाहेर, गेटपाशी."

"कुठल्या गेटवर?"

"मिलच्या. दुसरं कुठलं?"

"मिल बंद आहे हे त्यांना माहीत आहे का? विचारा."

ज्ञानदीपनं विचारलं. वाल्मिक यांनी तीच खूण पुन्हा केली, या वेळी जरा सावकाश, न समजणाऱ्या माणसासाठी करतात तशी. मग डोळे मिटून ते मागे टेकले. ते थकले होते. आता आवाज बंद करा, असा दंतवैद्यांचा निरोप घेऊन कंपाउंडरही वर आला होता.

त्या संध्याकाळी डॉ. सरोजिनी यांनी अहवाल लिहायला घेतला. ईशाच्या मते उत्तराचा अर्थ सरळ होता, वाल्मिक यांना काळाचं भान नव्हतं; मिल चालू आहे असं त्यांना वाटत होतं. डॉक्टरांना तेवढी खात्री नव्हती. माणसाला सगळं कळत असेल, आणि परक्या खोलीत तीन परक्या बायकांसमोर घरचा विषय काढायचा नसेल, तर तो काय म्हणेल?

"परक्या दोनच होत्या," ईशा म्हणाली. "तिसरी त्यांची बायको."

"गेटवर बायका नसतात," डॉक्टर म्हणाल्या.

अहवाल दीड पानाचा झाला. रुग्ण शांततेत बोललेलं समजू शकत नाही. गोंगाटात, ओठांच्या आणि हातांच्या खुणांनी, बरंचसं समजतो. खुणा करणाऱ्या माणसागणिक त्याच्या उत्तरांत फरक पडतो. निर्णयाविषयी विचारल्यावर त्यानं तो विषय दुसऱ्या जागी बोलण्याची इच्छा दर्शवली. कोर्टानं सोडलेल्या एका ओळीत त्यांनी लिहिलं: सोबतचा मजकूर पाहावा.

रविवारी दुपारी ज्ञानदीप स्कूटर घेऊन चाळीत आला. आईनं जेवायला वाढलं, तो 'नंतर' म्हणाला. वडिलांना मागे बसवलं, त्यांचा डावा हात आपल्या कमरेभोवती घेतला, आणि दोघे गेले.

मिलचं गेट चाळीपासून लांब नाही. साखळी आणि कुलूप आहे, कुलपावर लाखेचा शिक्का. समोर टेंपोंचा स्टँड झाला आहे. इंजिनं चालूच असतात, कंडक्टर पोरं पाटणीपुरा, राजवाडा असं ओरडत असतात. आवाज भरपूर.

तिथे काय बोलणं झालं ते त्या दोघांनाच माहीत आहे. हरी रस्त्याच्या पलीकडे पानाच्या टपरीशी उभे होते. बोलावलं कोणी नव्हतं. ते म्हणतात, सहज गेलो होतो. ज्ञानदीपची त्यांच्याकडे पाठ होती, त्यामुळे त्याचे हात दिसले नाहीत. वाल्मिकचा हात दिसत होता, पण मधून टेंपो जात होते.

"एकदा वाल्मिकनं चिमूट फिरवली, ते मी पाहिलं," हरी सांगतात. "धागा तुटलाय म्हणाला पोराला. कुठला ते नाही समजलं. मध्ये टेंपो आला साला."

घरी आल्यावर गयाबाईंनी विचारलं, काय म्हणाले? ज्ञानदीपनं गार झालेलं जेवण समोर ओढलं.

"बाबा म्हणाले, आत्ताच तुला सांगू नको."

"असं म्हणाले?"

"हो."

"वा रे वा! इतकं सगळं म्हणाले?" गयाबाईंना राग आला होता, असं त्या स्वतः सांगतात, पण पोळी मात्र त्यांनी तूप लावून वाढली. "पहिले एक होता मला न सांगणारा. आता दोन झाले."

अर्जाची सुनावणी एप्रिलमध्ये झाली. डॉक्टरांचा अहवाल वाचला गेला. न्यायाधीशांनी एक ओळ का नाही, असं विचारलं, डॉ. सरोजिनी यांनी उत्तर एका ओळीत मावत नाही असं सांगितलं. अर्जदाराला अर्ज चालवायचा आहे का, असं विचारल्यावर ज्ञानदीपनं वकिलाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि वकिलानं पुढची तारीख मागितली. ती जुलैची मिळाली. खोल्या सोडण्याची मुदत जूनअखेर आहे, त्यानंतर प्लॉट मिळणार नाही, हे वकिलानं त्याला दोनदा सांगितलं. त्याला ते माहीत होतं.

चाळीतल्या पंधरा-वीस खोल्या आता रिकाम्या झाल्या आहेत. वाल्मिक यांची झालेली नाही. मे महिन्यात ज्ञानदीपनं एका मिस्त्रीला आणून अंगणापलीकडच्या वाटेवर लोखंडी कठडा बसवून घेतला. खोली सोडायची असेल तर हा खर्च कशाला, असं शेजाऱ्यांनी विचारलं, तेव्हा तो कठडा हलवून पाहत होता. गयाबाई दर बुधवारी हरींकडून खुणा शिकतात, घरात रेडिओ मोठ्यानं लावून. चहा, पाणी, मीठ आणि धागा तुटला, एवढं त्यांना येतं. गेटवर ही खूण हरींनी अजून शिकवलेली नाही.

मागच्या रविवारी बापलेक पुन्हा गेटवर गेले होते आणि अंधार पडायच्या आत परतले. अर्ज मागे घेतलेला नाही.